मागं ट्रेलर, पुढं घाट : एसयूव्हीच्या सस्पेन्शनची गोष्ट (भागाचं लिखित रूप)

हिवरखेडवरून बोलतोय. ज्यांना बसमध्ये नेट मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" थोडे कमी केलेत.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळं निघाला. तेल्हाऱ्याकडच्या एका श्रोत्याकडं जुनी स्कॉर्पिओ आहे, आणि आता त्यानं एक छोटा कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतलाय. त्यात दोन माणसं झोपतील एवढी जागा, एक ओटा आणि पाण्याची टाकी आहे. आईवडील, बायको आणि लहान पोरगी घेऊन चिखलदऱ्याला जायचं म्हणतोय. ट्रेलर जोडला की गाडीची मागची बाजू बसते. मिस्त्री म्हणाला, "मागं कडक स्प्रिंग टाकू, नाहीतर रबराचे बफर ठोकू, विषय संपला." त्याचा प्रश्न एवढाच होता की कोणते बफर घेऊ.

मला वाटतं, प्रश्न बफरचा नाहीच. आणि गाडीत पाच माणसं बसणार आहेत, म्हणून एक अख्खा भाग यावर करतोय.

आधी एक सांगतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्याकडंही पोट्टे या विषयाचे व्हिडिओ पाहायला लागले. पण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचे किंवा ऑस्ट्रेलियाचे असतात. तिथली गाडी अडीच-तीन टनांची, रस्ता सहा पदरी. आपल्याकडं अकोट रस्ता आणि काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटांसारखा होतो. खड्डा दिसतो तरी, ही लाट दिसत नाही. ट्रेलर जोडलेली गाडी अशा रस्त्यावर पुढं-मागं डुलायला लागते आणि थांबायचं नाव घेत नाही. म्हणून तिकडची सेटिंग जशीच्या तशी इथं चालेल असं समजू नका.

आता बैलबंडीकडं या. हसू नका, यातलं अर्धं शास्त्र आपल्या आजोबांना तोंडपाठ होतं. बंडीत माल मागं जास्त भरला की जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. बंडी उलाळ झाली म्हणतात. माल फार पुढं घेतला की सगळा भार बैलाच्या मानेवर येतो. शहाणा माणूस माल असा लावायचा की जुवावर थोडा भार राहील, पण बैल वाकणार नाही.

ट्रेलरचं तेच आहे. हुकावर ट्रेलरचा जो भार खाली दाबतो, तो एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा असा अमेरिकेतला नियम आहे. युरोपात यापेक्षा कमी ठेवतात, पण तिथं कॅरॅव्हॅन ओढताना वेगही कमी असतो आणि हुकावर डोलणं दाबणारी यंत्रणाही बरेचदा असते. आपल्याकडं ती यंत्रणा नसते, म्हणून मी १० च्या खाली जाऊ नका म्हणेन. भार कमी पडला की ट्रेलर उलाळ होतो. बंडी उलाळ झाली तर जागेवर थांबते. ट्रेलर उलाळ झाला तर ६०-७० च्या वेगात शेपटीसारखा डावीकडं-उजवीकडं हलायला लागतो आणि गाडीलाही सोबत हलवतो. वेग जितका जास्त, तितकं हे हलणं आपोआप शांत व्हायची शक्यता कमी.

आता आकडे घेऊ. (मागं ट्रॅक्टरचा आवाज येतोय, कापत नाही, हंगाम आहे.)

समजा ट्रेलर भरून ७५० किलोचा आहे आणि हुकावर १०० किलो दाबतोय. तुम्ही म्हणाल, स्कॉर्पिओला १०० किलो म्हणजे काय, दोन सोयाबीनचे कट्टे! पण हूक मागच्या चाकांच्याही मागं असतो, समजा एक्सलपासून १.२ मीटर. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.६८ मीटर आहे. आता हे तराजूसारखं चालतं. मागचं एक्सल म्हणजे टेकू, मागं दाबलं की पुढचं उचलतं. १०० गुणिले १.२ भागिले २.६८, म्हणजे सुमारे ४५ किलो. एवढं वजन पुढच्या चाकांवरून निघून गेलं आणि मागच्या एक्सलवर १०० नाही तर १४५ आलं. वरून डिकीत सिलिंडर, भांडी, पाण्याचे कॅन असे ८० किलो टाकले तर त्यातलेही १५ किलो पुढून कमी होतात. एकूण मागं साधारण २४० वाढले आणि पुढून ६० गेले.

आणि स्टीअरिंग पुढच्या चाकांवर असतं. ब्रेकचं मोठं कामही पुढचीच चाकं करतात. म्हणजे गाडीला जास्त थांबवायची गरज आहे, नेमकं तेव्हाच पुढच्या चाकांची पकड कमी झाली. मागची बाजू बसलेली दिसते, पण खरा धोका दिसत नाही त्या पुढच्या बाजूला आहे.

बफरचा विषय इथंच पडतो. तुम्ही मागं कडक स्प्रिंग टाका, रबर टाका, हवेची बॅग टाका, मागची उंची वाढेल, गाडी सरळ दिसेल. पण पुढच्या चाकांवरून गेलेले ४५ किलो परत येत नाहीत. भार तोच आहे, हूक त्याच जागी आहे, तराजूही तोच आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगतो, डॅशबोर्डवरचा लाल दिवा हिरवा केला म्हणून सर्व्हरवरचा लोड कमी होत नाही. तसंच हे.

मग स्प्रिंगला हातच लावायचा नाही का? लावायचा, पण शेवटी. आधी वजन करा. आपल्याकडं जिनिंगवर, बाजार समितीत मोठा वजनकाटा असतो, कापसाच्या गाड्या रोज त्यावर चढतात. गर्दी नसेल तेव्हा जा. आधी ट्रेलरशिवाय, पण सगळी माणसं आणि सामान घेऊन गाडी काट्यावर घ्या. एकदा फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. मग ट्रेलर जोडून पुन्हा फक्त पुढची चाकं, मग ट्रेलर काट्याबाहेर ठेवून गाडीची चारही चाकं. दोन वेळच्या पूर्ण गाडीच्या वजनातला फरक म्हणजे हुकावरचा भार, आणि पुढच्या चाकांचा फरक म्हणजे तिथून गेलेलं वजन. काटा बहुतेक ५ किंवा १० किलोच्या पायरीनं दाखवतो, म्हणून हुकाचा भार घरी पुन्हा तपासा. ट्रेलर सपाट उभा करून त्याचा पुढचा टोकाचा भाग धान्य मोजायच्या काट्यावर टेकवला की आकडा मिळतो.

सोबत चार उंच्या घ्या. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंत टेपनं मोजा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. रिकामी गाडी, माणसं भरून, ट्रेलर जोडून, असे तीन वेळा. पुढची उंची दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली तर मी त्या गाडीनं तो ट्रेलर घेऊन घाटात जाणार नाही. ही माझी मर्यादा, कायद्यातली नाही.

आकडा जास्त आला तर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे सामान हलवणं. डिकीतलं जड सामान मधल्या सीटच्या पायाशी घ्या, किंवा ट्रेलरच्या एक्सलच्या बरोबर वर, खाली जमिनीवर. पाण्याच्या टाकीवर विशेष लक्ष ठेवा. समजा ६० लिटरची टाकी ट्रेलरच्या एक्सलपासून १ मीटर पुढं आहे आणि एक्सलपासून हुकापर्यंत ३ मीटर. भरलेली टाकी हुकावर २० किलो देते. निघताना हुकावर ८५ होते, म्हणजे ११ टक्के, उत्तम. चिखलदऱ्याला पाणी संपलं, ६५ राहिले. मग कोणीतरी परतताना पोराटोरांच्या दोन सायकली, ४० किलो, ट्रेलरच्या मागच्या टोकाला बांधल्या, एक्सलपासून दीड मीटर मागं. आणखी २० गेले. आता हुकावर ४५, म्हणजे ६ टक्के. जाताना दगडासारखा स्थिर असलेला ट्रेलर परतवाडा उतरल्यावर सपाट रस्त्यावर शेपटी हलवायला लागतो, आणि माणूस म्हणतो गाडीत काहीतरी बिघडलं. बिघडलं काहीच नाही, पाणी संपलं.

आता खुद्द सस्पेन्शन. गाडीनुसार फरक आहे. बोलेरोला मागं पाटे असतात, जुन्या थारलाही होते. स्कॉर्पिओ, २०२० नंतरची थार, फॉर्च्युनर यांना मागं कॉइल स्प्रिंग. पाट्याला एक नैसर्गिक फायदा आहे, पाटे एकमेकांवर घासतात त्यामुळं उसळी थोडी आपोआप मरते. म्हणून बोलेरोवाले एक जादा पाटा टाकून मोकळे होतात. पण तो पाटा रोजच गाडीत राहतो. ट्रेलर वर्षातून चार वेळा, आणि उरलेले दिवस रिकामी गाडी खड्ड्यावर मागून उड्या मारते. उडालेल्या चाकाला रस्त्याची पकड नसते हे लक्षात ठेवा.

कॉइलच्या वेटोळ्यांत ठोकायचे रबरी बफर मला पटत नाहीत. ते स्प्रिंगची काही वेटोळी बंद करतात, मग उरलेल्या वेटोळ्यांवर जास्त ताण येतो. त्यापेक्षा कॉइलच्या आत बसणारी हवेची बॅग बरी. ट्रेलर असला की हवा भरा, नसला की कमी करा. फक्त दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकाच नळीवर जोडल्या तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी जास्तच कलते. आणि बॅग लावली म्हणून मागच्या एक्सलची क्षमता वाढत नाही, ती कंपनीनं ठरवली तेवढीच.

शॉकअपबद्दल एक मोठा गैरसमज आहे. शॉकअप वजन उचलत नाही. वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप फक्त तिची उसळी थांबवतो. म्हणून "गाडी बसते, शॉकअप बदला" हे चूक. पण आपल्या लाटांच्या रस्त्यावर ट्रेलर ओढायचा तर चांगले शॉकअप स्प्रिंगइतकेच महत्त्वाचे. मागची बाजू जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन वेळा झुलली किंवा खाली तेल ओघळलेलं दिसलं तर चिखलदरा पुढं ढकला.

आणखी एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांसाठी, आणि ही मिस्त्रीला मुद्दाम विचारा. एबीएस नसलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती बसली हे एका दांड्यानं ओळखून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. बसली म्हणजे भार जास्त, ब्रेक जास्त. तुम्ही स्प्रिंग कडक करून मागची बाजू उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. भार पूर्ण, पण मागचा ब्रेक कमी! स्प्रिंग बदलली तर हा दांडा पुन्हा सेट करावाच लागतो.

पुढच्या चाकांवर वजन खरंच परत आणणारी एक वस्तू आहे. हुकापासून ट्रेलरच्या दांड्यापर्यंत जाणाऱ्या दोन जाड स्प्रिंगपट्ट्या, ज्या ताणल्या की गाडीला मागून हातगाडीच्या मुठीसारखं उचलतात. अमेरिकेत सर्रास वापरतात. पण ती गावच्या वेल्डरकडून बनवून घ्यायची नाही. हुकावर येणारा पीळ प्रचंड असतो. हूकही चेसिसलाच हवा, बंपरला नाही. आणि क्रेटा, एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांना वेगळी चेसिसच नसते, तिथं मॅन्युअल काय म्हणतं ते शेवटचं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते. आरटीओला आणि विमावाल्याला आधी विचारा, अपघात झाल्यावर नाही. युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपला घाट पाहता मी ७५० च्या खालीसुद्धा ब्रेक असलेलाच ट्रेलर घेईन.

तर तेल्हाऱ्याच्या भाऊ, तुमच्यासाठी क्रम असा. बफर घेऊ नका. आधी काट्यावर जा, सामान लावा, शॉकअप बघा, टायरमध्ये दरवाज्याजवळच्या स्टिकरवरची पूर्ण भाराची हवा भरा. मग गरज राहिली तर हवेची बॅग. हेडलाइट खाली करायची चकती असेल तर ती फिरवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातो. ट्रेलर हलायला लागला तर ब्रेक जोरात मारू नका, स्टीअरिंग उलटं फिरवू नका, वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, गाडीला स्वतः मंद होऊ द्या. चिखलदऱ्याहून उतरताना ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरा.

आणि पहिल्या दिवशी अकोटला पोचलं की चहाआधी गाडीखाली डोकवा. हुकाचे नट, सेफ्टी चेन, ट्रेलरच्या चाकांचे नट बघा. चाकाच्या हबजवळ हात नेऊन बघा, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. ते तिथंच नीट करून घ्या, पुढं अंजनगाव, परतवाडा आणि मग घाटच आहे.