संगणकाच्या वहीतील आकडे

निर्णा येथे आणि बिदर-कलबुर्गी सीमेवरील आसपासच्या गावांतही आता पेढ्यांवर संगणक आला आहे. पाडव्यास वहीपूजन होते, वहीवर कुंकवाने 'श्री' रेखिली जाते. तथापि दुसऱ्या दिवसापासून तूर-उडदाचा हिशेब एक्सेलच्या तक्त्यात चढू लागतो. आमचे व्यापारी बांधव हे यंत्र चालवितात खरे, परंतु त्याचा स्वभाव ओळखून चालवितात असे म्हणवत नाही. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो. म्हणून प्रथम आमच्याच पेढीची हकीकत सांगतो.

एका हंगामात तुरीच्या हिशेबाचा मेळ बसेना. संगणकाप्रमाणे गुदामात जेवढा माल हवा होता, त्याहून ४० क्विंटल कमी भरला. संशय गुदामावरील माणसावर गेला, आणि तो बोलूनही दाखविला गेला, हे लिहिताना आज संकोच वाटतो. अखेर मुनीमजींनी जावकेचा रकाना कागदावर उतरवून पेन्सिलीने बेरीज केली. एका ओळीत आम्हीच '४०' न लिहिता '४० क्विंटल' असे लिहिले होते. माल रीतसर गेला होता. बेरजेत मात्र तो आला नव्हता. त्या माणसाची आम्ही सर्वांदेखत क्षमा मागितली.

असे का घडते? एका चौकटीत आकड्यासोबत अक्षर आले, की संगणक ती सबंध चौकट मजकूर समजतो, आणि 'सम' ही बेरीज मजकूर मुकाट्याने वगळते. त्याची खूण सोपी आहे. आपण मुद्दाम मांडणी बदललेली नसेल, तर आकडा चौकटीच्या उजव्या कडेस राहतो, मजकूर डाव्या कडेस. डावीकडे सरकलेली रक्कम दिसली की थांबावे. क्विंटल, पोती, रुपये ही नावे रकान्याच्या माथ्यावर लिहावीत, खाली केवळ आकडे. आमच्या वडिलांना हे शिकवावे लागले नसते. हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अमलात असताना हाली आणि कलदार असे दोन रुपये चालत आणि त्यांचा भाव निराळा असे. त्यामुळे रक्कम कोणत्या नाण्याची, हे स्पष्ट असल्याखेरीज हिशेब पुरा होत नसे.

याच्या उलट चूकही होते. काही आकडे मोजण्याचे नसतात, ते नावासारखे असतात. तुरीचा जीएसटीतील एचएसएन क्रमांक ०७१३ ने सुरू होतो. तो चौकटीत लिहिताच संगणक त्याचे ७१३ करतो. आरंभीच्या शून्यास गणितात किंमत नाही, असा त्याचा हिशेब. बँकेच्या खात्याची गोष्ट याहून गंभीर आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतो. खाते क्रमांक १६ अंकी असेल, तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य बसते आणि मूळ अंक परत मिळत नाही. पुढे तीच यादी पाहून कोणी पैसे पाठविले, तर काय होईल हे सांगणे नको. १२ अंकी ई-वे बिलाचा क्रमांक मध्येच 'ई' अक्षर घेऊन आखूड दिसतो, पण तेथे अंक शाबूत असतात. केवळ दर्शन बदललेले असते.

उपाय असा: असे क्रमांक लिहिण्यापूर्वी तो रकाना निवडावा, कंट्रोल आणि १ या कळा एकत्र दाबाव्यात आणि 'टेक्स्ट' हा प्रकार घ्यावा. आधी लिहून मग प्रकार बदलल्यास गेलेला अंक येत नाही. एखाद-दुसराच क्रमांक असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. ती कळ बहुधा एन्टरच्या लगत डावीकडे असते. नंतर चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तरी भिऊ नये.

तारखेविषयी एवढेच, की संगणक अमेरिकन रीतीवर ठेवलेला असेल तर ५/६ ही ५ जून न राहता ६ मे ठरते. विंडोजच्या 'रिजन' या जागी भारत निवडावा.

आता लिपी. आमच्याकडे घरचे पत्र मराठीत आणि सरकारी अर्ज कन्नडात असतो. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले मराठी पत्र, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखे दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षरास स्वतःचा क्रमांक असल्याने ते सर्वत्र वाचता येते. त्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा. त्यात इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत क येतो आणि कन्नडातही क. 'जे'वर दोहोंत र, 'एल'वर दोहोंत त. एकदा बोटे बसली, की मुलांना दुसऱ्या भाषेसाठी नव्याने शिकावे लागत नाही.