पहिलं पुस्तक हाती देताना

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाला खेटून वारूळवाडी आहे. या भागात गोष्टीची वाण कधीच नव्हती. यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपाऱ्या ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. इथला माणूस रात्रभर वग ऐकतो, सप्ताहात कीर्तनाला बसतो, बिबट्या कुणाच्या उसात दिसला ते रंगवून सांगतो आणि वर म्हणतो, ''आपल्याला बुवा वाचनाची आवड नाही.'' गोष्टीची आवड त्याला आहेच. पुस्तकाची आणि त्याची ओळख तेवढी कुणी नीट करून दिलेली नाही.

शाळेत पुस्तक भेटलं ते परीक्षेच्या सोबतीनं. दहावी-बारावीनंतर ते सुटलं. मग मुलं मार्गी लागल्यावर आईला दुपार मोकळी मिळते, नोकरीतून निवृत्त झालेल्या काकांना दिवस खायला उठतो. अशा वेळी कुणी संकोचत विचारतं, ''काहीतरी वाचायला दे ना.'' ही मागणी वारंवार होत नसते. हाती आलेलं पहिलंच पुस्तक जड गेलं, तर तो माणूस पुस्तकाला दोष देत नाही. ''आपलं डोकंच तेवढं नाही'' असं म्हणून ते मिटून ठेवतो, ते कायमचंच.

आपण चुकतो ते मोठेपणाच्या हौसेनं. शिवनेरीच्या पायथ्याचा माणूस, म्हणून रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' द्यायची; किंवा मराठी कादंबरीला वळण देणारी म्हणून 'कोसला'. दोन्ही मोलाच्याच. पण पोहायला शिकणाऱ्याला कुणी थेट धरणात ढकलत नाही. नव्या वाचकाला पुस्तक संपवल्याचा आनंद लवकर मिळायला हवा. म्हणून पहिलं पुस्तक पातळ असावं, भाषा बोलण्याजवळची असावी आणि गोष्ट पहिल्या काही पानांतच चालू व्हावी.

निवड करण्याआधी पुस्तकांच्या याद्या चाळण्यापेक्षा तो माणूस कशाबद्दल भरभरून बोलतो ते ऐकावं. तमाशाच्या वेडापायी घरादाराची पर्वा न करणारी माणसं ज्यानं पाहिली, त्याला आनंद यादवांची 'नटरंग' द्यावी. 2010 साली चित्रपट आल्यानं कथानक ठाऊक असलं तरी बिघडत नाही. ओळखीची वाट पायाखाली लवकर येते. रानाची, जनावरांची ओढ असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' आहे. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्याची ही छोटी कादंबरी. लष्कराचं आकर्षण असलेल्या तरुणाला प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' हिमालयातल्या रस्त्याच्या कामावर घेऊन जाते. शिक्षकाच्या घरात माडगूळकरांचीच 'बनगरवाडी' रुजते. डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं. त्या पाण्याची आठवण असलेल्या घराला विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आपलीच वाटेल. मात्र ती मोठी आहे, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला द्यावी.

कादंबरीची भीती वाटत असेल तर कथा आहेतच. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन करून मराठी माणसाला खदखदून हसवलं. ऐकवण्यासाठीच घडलेली ही भाषा नवख्याला अडवत नाही. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या कुणी एक कथा मोठ्यानं वाचावी. बाकीच्या कथा आई दुसऱ्या दिवशी आपण होऊन वाचते की नाही, पाहावं.

आणि नाक मुरडू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाडानं कित्येकांना वाचनाची चटक लावली. त्यांतलेच पुढे गंभीर साहित्याकडे वळले. आजच्या मुलाला सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' किंवा नारायण धारपांची भयकथा हवी असेल, तर ती खुशाल द्यावी.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली जे पाच नियम मांडले, त्यांतला एक प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, असा आहे. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही त्यांत आहे. व्यवहारात दोन्हींचा अर्थ सोपा आहे. एकच पुस्तक विकत आणून भेट देऊ नका. गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयातून तीन आणा आणि समोर ठेवा. महाराष्ट्रात 1967 सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं ते अशाच वाचकांसाठी. पंचवीस-तीस पानांत मन लागलं नाही, तर दुसरं उचलायची मुभा द्या.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ''किती पानं झाली?'' आणि ''त्यातून काय शिकलीस?'' हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. ते परीक्षेचे प्रश्न आहेत. ''पुढं काय झालं गं त्या गड्याचं?'' एवढं विचारावं, आणि ती सांगू लागली की हातातलं काम ठेवून ऐकावं.