धूर आणि अग्नी : रोहिण्यांच्या दाहाची रक्तातील खूण

तर्कशास्त्र शिकू लागणाऱ्याला पहिला दृष्टांत भेटतो तो पर्वतावरच्या धुराचा. अग्नी दिसत नाही, धूर दिसतो. आणि धुरावरून आपण अग्नीचे अनुमान करतो. डॉक्टरांचे निम्मे काम याच जातीचे असते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या भिंतीत काय चालले आहे, हे रोग्याला बहुधा जाणवत नाही. पुष्कळांना पहिली वर्दी मिळते ती झटक्याचीच. त्यातही, ५२ देशांत झालेल्या एका पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी आलेला आढळला. म्हणून या अग्नीचा धूर आधी रक्तात सापडेल काय, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

प्रथम अग्नीकडे पाहू. रोहिणी म्हणजे नळ आणि तीत साचणारी चरबी म्हणजे नळातला क्षार, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. १९१३ साली रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत हा विकार उत्पन्न केला. परंतु जर्मनीतील व्हिर्खो यांनी त्यापूर्वीच, एकोणिसाव्या शतकात, या भिंतीत दाह असल्याचे सांगितले होते. आज दोन्ही मतांचा मेळ बसला आहे. रक्तातील एलडीएल नावाचे चरबीवाहक कण रोहिणीच्या अस्तराखाली शिरतात आणि तेथे ऑक्सिजनच्या संयोगाने जुन्या तेलासारखे जणू खवट होतात. पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात व तेथेच मरून साचतात. दाह धुमसत राहतो, जागा कठीण होते, आणि एखाद्या दिवशी वरचा पापुद्रा फाटला, की रक्ताची गुठळी बसते.

दाह हा निव्वळ सोबती नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वी झटका आलेल्या दहा हजारांवर रोग्यांपैकी काहींना फक्त दाह शमविणारे औषध दिले. कोलेस्टेरॉल न उतरताही मध्यम मात्रेत पुढील आघात सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू किंचित वाढले.

आता धूर. शरीर परक्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तेच शस्त्र आपल्याच द्रव्यांवर उगारले गेले, तर त्यास स्वप्रतिपिंडे म्हणतात. खवट झालेला एलडीएल शरीराला परका वाटतो व त्याच्याविरुद्ध अशी प्रतिपिंडे निघतात. १९९२ साली फिनलंडमधील पुरुषांच्या अभ्यासात, ज्यांच्या मानेतील रोहिणीचा विकार वेगाने वाढला, त्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे अधिक आढळली. ल्युपस हा विकार तर स्वप्रतिपिंडांचाच. तो असलेल्या तरुण स्त्रियांना हृदयविकाराचा धोका समवयस्क स्त्रियांच्या कित्येक पट असतो.

मग रक्त तपासून निदान का करू नये? येथे पुन्हा तर्कशास्त्र आडवे येते. धुरावरून अग्नीचे अनुमान खरे ठरते ते दोहोंचे साहचर्य अबाधित असेल तरच. येथे ते तसे नाही. निरोगी माणसाच्या रक्तातही ही प्रतिपिंडे असतात. सरोवरावरचे धुके धूर समजावे, तसा तो प्रकार. उलट, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. तसे रोग असून प्रतिपिंडे थोडी, असेही होते. शिवाय ती सर्व एका जातीची नाहीत. आयजीएम जातीची काही प्रतिपिंडे अधिक असणाऱ्यांत विकार कमी आढळतो. म्हणजे जो आपण धूर समजलो, तो कदाचित आग विझविणाऱ्यांचा ताफा असेल! संख्या मोजून तो घर जाळणारा की वाचविणारा, हे कसे कळावे?

म्हणून हृदयविकाराचा धोका ठरविण्यासाठी ही तपासणी नित्याच्या वैद्यकात आलेली नाही. संशोधन चालू राहावे. त्यातून उद्या उपयोगी खूण, कदाचित लसही मिळेल. परंतु तोवर कोणी महागड्या तपासणीचा कागद हाती देऊन निर्धास्त व्हा म्हणाले, तर निर्धास्त होऊ नये, आणि घाबराही म्हणाले तर घाबरू नये. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातील साखर आणि तंबाखू हे चार धूर जुने आहेत, स्वस्तात दिसणारे आहेत. आणि ते दिसले असता काय करावे, हे आपल्याला ठाऊक आहे. नव्या धुराची वाट पाहताना जुन्याकडे पाठ फिरविणे, हा मात्र तर्काचा नव्हे, तर जिवाचा प्रमाद ठरेल.