काटा काढण्याची घाई

पायात काटा रुतला की तो तत्काळ उपटून टाकावा, हा आमच्या घरोघरचा पिढीजात शिरस्ता आहे. पायापुरता तो योग्यही आहे. परंतु डोळ्याच्या आसपास एखादी वस्तू घुसली असताना हीच घाई केली, तर केवढा अनर्थ ओढवू शकतो याची जाणीव आमच्या समाजात पुरेशी रुजलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

डोळ्याची खोबण सात हाडांनी बनलेली असून आत निमुळती होत जाते. तिच्या वर मेंदू, खाली गालाच्या हाडातील सायनसची पोकळी आणि नाकाच्या बाजूस दुसऱ्या सायनसच्या लहान पोकळ्या. त्या बाजूची भिंत इतकी पातळ की शरीरशास्त्रज्ञांनी तिला कागदाचेच नाव दिले आहे! बुबुळाचा गोळा चिवट आणि हलता असल्यामुळे घुसणारी काडी पुष्कळदा त्याला बगल देऊन आत शिरते. दृष्टी शाबूत राहते, पापणीवर तांदळाएवढी जखम दिसते आणि घरची मंडळी हळद लावून निश्चिंत होतात. आत मात्र काडीचा तुकडा सायनसमध्ये किंवा मेंदूच्या उंबरठ्यावर ठाण मांडून बसलेला असतो. काही रुग्णांत महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पू वाहू लागतो, तेव्हा कोठे मूळ कारणाचा शोध सुरू होतो.

फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री 30 जून 1559 रोजी भाल्यांच्या खेळात असाच जखमी झाला. प्रतिस्पर्ध्याच्या मोडलेल्या भाल्याच्या ढलप्या शिरस्त्राणातून त्याच्या डोळ्यात घुसल्या. उपचाराला पारे आणि वेसालियस यांच्यासारखे त्या युगाचे धुरंधर होते. तरीही 10 जुलैला राजाने प्राण सोडला. आत काय दडले आहे हे पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागला तो 1895 साली.

आज साधने आहेत, पण तीही फसतात. लाकूड साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतच नाही. सीटी स्कॅनमध्येही सुकी काडी हवेच्या पोकळीसारखी काळी उमटते व पाहणाऱ्याची दिशाभूल करते. एमआरआय अशा वेळी उपयोगी ठरते, परंतु आत लोखंडाचा कण असेल तर त्या यंत्राचे चुंबक तो जागचा हलवून डोळाच घालवील. म्हणूनच घुसलेली वस्तू लाकडाची, लोखंडाची की काचेची, हे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. तुटलेला उरलेला तुकडा फेकून न देता सोबत न्यावा.

आमच्या किनारपट्टीला हा विषय परका नाही. माडाचे हीर, बांबूच्या कामट्या आणि वर्कशॉपमधील उडणारे कण यांच्याशी आमचा नित्याचा संबंध आहे. समुद्रही यास अपवाद नाही. सुईसारख्या लांब चोचीचे काही मासे रात्री दिव्याच्या रोखाने पाण्याबाहेर झेप घेतात. 1977 साली हवाई बेटांतील कौआई येथे वडिलांबरोबर रात्री मासेमारी करणाऱ्या 10 वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातून अशा माशाची चोच मेंदूत शिरली आणि तो दगावला. या जातीचे मासे अरबी समुद्रातही आहेत.

अशा प्रसंगी करावयाचे ते थोडकेच. रुतलेली वस्तू ओढू नये, डोळा चोळू वा धुऊ नये, त्यात दूध, तूप काही घालू नये. वस्तू न हलेल अशा बेताने वर कागदी पेला झाकावा, रुग्णाचे डोके उंच ठेवावे आणि शस्त्रक्रियेची शक्यता ध्यानी घेऊन त्याला खाण्यापिण्यास काही न देता मोठ्या रुग्णालयात हलवावे. धनुर्वाताची लस डॉक्टर ठरवतील. मूल काय घडले ते भीतीपोटी लपवते, हेही पालकांनी विसरू नये.

आरोग्य खात्याकडे आमचे मागणे माफक आहे. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पापणीची जखम शिवून रुग्णाला घरी धाडण्यापूर्वी 'काय लागले, ते पुरते बाहेर आले काय?' हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर केसपेपरावर लिहिण्याचा दंडक घालावा, आणि उत्तर संदिग्ध असेल तर रुग्णाला विनाविलंब बांबोळीला पाठवावे. त्यासाठी नवी इमारत नको, निविदाही नको.