‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’मध्ये कोडिंग का नसतं?

बारावीच्या गणितात ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ येतं. आलेख काढायचा, जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च शोधायचा. कोडची एक ओळही नाही. मग हे ‘प्रोग्रॅमिंग’ कसलं?

उत्तर अमेरिकी हवाई दलात सापडतं. तिथे प्रशिक्षण, रसद, तैनाती यांच्या आखणीला ‘प्रोग्रॅम’ म्हणत. ती गणिताने करता यावी म्हणून जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली. ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ हे सुटसुटीत नाव अर्थतज्ज्ञ त्यालिंग कूपमन्स यांनी सुचवलं. म्हणजे इथे प्रोग्रॅमिंगचा अर्थ सरळ नियोजन.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लिहून लावलेली जाहीर सूचना’. पुढे तो नाटक-मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकेला चिकटला. संगणकातही तो आला तो कामांचा क्रम आखणं याच अर्थाने. १९४६ मध्ये जगासमोर आलेल्या ‘एनिॲक’चं प्रोग्रॅमिंग म्हणजे तारा जोडणं आणि स्विच लावणं. हे किचकट काम सहा तरुणी करत. त्यांची नावं मात्र कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत.

ब्रिटिश इंग्रजीत कार्यक्रमाच्या स्पेलिंगला आजही दोन अक्षरं जास्त असतात, संगणकाच्या प्रोग्रॅमला नाहीत. मराठीने तर शब्दच वेगळे केले : कार्यक्रम आणि आज्ञावली. पैकी ‘आज्ञावली’ पाठ्यपुस्तकाबाहेर फारशी पडली नाही.