ऑलिंपिकच्या तराजूबाहेरची विजेती

एप्रिल 2021 मध्ये पोलंडमधील कील्त्से या शहरात युवा मुष्टियुद्धाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मुलींच्या 10 वजनगटांपैकी 7 गटांतील सुवर्णपदके भारतीय मुलींनी जिंकली. त्यांत तिघी हरयाणाच्या, दोघी मणिपूरच्या आणि एक राजस्थानची होती. सातवी होती नागपूरची अल्फिया पठाण. 81 किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत तिने मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझचा 5-0 असा पराभव केला. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि कड्याभोवती बसलेले पाच पंच अशी या खेळाची रीत आहे. 5-0 याचा अर्थ, पाचही पंचांचा कौल एकीच्याच बाजूने पडला. निकालाबद्दल कोणालाही शंका घेण्यास जागा उरली नव्हती.

हरयाणा आणि मणिपूर ही नावे या यादीत असणे स्वाभाविक होते. भिवानीला मुष्टियुद्धाची परंपरा हवासिंग यांच्यापासून आहे. 1966 आणि 1970 अशा लागोपाठच्या दोन आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी वरच्या वजनगटाचे सुवर्णपदक मिळविले होते. मणिपूरच्या मेरी कोम हिने 2002 ते 2018 या काळात सहा वेळा जागतिक अजिंक्यपद पटकाविले. विदर्भाजवळ यातले काही नव्हते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालापासून शरीरसाधनेची उपासना करीत आले आहे हे खरे. पण मुलीने हातमोजे चढवून कड्यात उतरावे ही कल्पना येथील मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्याशी अलीकडेपर्यंत पोहोचलेली नव्हती. अल्फियाचे वडील नागपूरच्या पोलीस दलात. मानकापूरच्या विभागीय क्रीडासंकुलात ती खेळायला जाऊ लागली आणि तेथेच प्रशिक्षक गणेश पुरोहित यांच्या हाताखाली तिचे शिक्षण झाले. 2019 साली फुजैरा येथे तिने आशियाई कनिष्ठ गटाचे सुवर्णपदक मिळविले, आणि पुढे दोन वर्षांत ती युवा जगज्जेती झाली.

कनिष्ठ गटात चमकलेले अनेक तारे ज्येष्ठ गटात दिसेनासे होतात. अल्फियाच्या बाबतीत तसे झाले नाही. जुलै 2022 मध्ये कझाकस्तानच्या राजधानीत झालेल्या एलोर्डा करंडक स्पर्धेत तिची गाठ यजमान देशाच्या लज्जत कुंगेइबायेवाशी पडली. ही स्त्री 2016 ची जगज्जेती. तिच्याच भूमीवर, तिच्याच प्रेक्षकांसमोर अल्फियाने तिला 5-0 असे हरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे ती ज्येष्ठ गटाची आशियाई विजेती ठरली. अंतिम फेरीत प्रतिस्पर्धी खेळाडूला पंचांनी अपात्र ठरविले, त्यामुळे त्या पदकाची झळाळी काहींना कमी वाटेल. परंतु काही महिन्यांपूर्वीच माजी जगज्जेतीला नमविलेल्या खेळाडूच्या योग्यतेचे माप एका लढतीच्या शेवटावरून काढणे न्यायाचे होणार नाही.

यापुढे ऑलिंपिक, असे कोणीही सहज म्हणेल. शाळेतील सत्कारात, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत, मंत्र्यांच्या भाषणांत हेच वाक्य येते. ऑलिंपिकचा दरवाजा मात्र या मुलीसाठी कधी उघडाच नव्हता. स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो 2012 साली लंडनमध्ये, तोही अवघ्या तीन वजनगटांपुरता. टोकियोत हे गट पाच झाले, 2024 साली पॅरिसमध्ये सहा झाले. या तिन्ही वेळी सर्वांत वरची मर्यादा एकच राहिली : 75 किलो. आशियाई आणि राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतही, 2022 च्या आवृत्त्यांपर्यंत, स्त्रियांची मर्यादा याच्या पलीकडे गेलेली नव्हती. पुरुषांसाठी मात्र 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून 91 किलोवरील खेळाडूंचा स्वतंत्र गट होता, आणि पॅरिसमध्येही 92 किलोवरच्या पुरुषांना जागा होती. धिप्पाड पुरुष हा खेळाचा राजा मानला गेला आणि धिप्पाड स्त्री जमेत धरली गेली नाही.

या मर्यादेचे समर्थन करणारे सांगतात की वरच्या गटांत स्त्रिया फारशा उतरतच नाहीत. जेथे चार-सहा नावे गोळा होतात तेथे पदकाला अर्थ काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. वरच्या गटांत स्पर्धक थोड्या असतात हे खरेच आहे. पण कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही पाहिले पाहिजे. ज्या गटाला ऑलिंपिक नाही, त्या गटावर कोणताही देश आपला पैसा, प्रशिक्षक आणि परदेश दौरे हात आखडूनच खर्च करणार. आणि खर्च नाही म्हटल्यावर मुली येणार कोठून? 2012 पूर्वी स्त्रियांच्या मुष्टियुद्धाबद्दल नेमका हाच युक्तिवाद केला जात असे. दार उघडले, तेव्हा खेळाडूही आल्या.

मग अशा खेळाडूने करायचे काय? वजन उतरवून 75 किलोत यावे, हा उपाय सांगायला सोपा आहे. काहींना गट बदलणे जमतेही. टोकियोत 69 किलो गटात कांस्यपदक जिंकलेल्या आसामच्या लवलीना बोर्गोहाईनने पॅरिससाठी तो गट वगळला गेल्यावर 75 किलोचा मार्ग धरला. परंतु अंगाने थोराड असलेल्या मुलीला खाली खेचणे म्हणजे जे बळ तिला निसर्गाने दिले, तेच काढून घेऊन तिला कड्यात उभे करणे होय. दुसरा मार्ग जागतिक अजिंक्यपदाचा. तेथेही एका देशाची एका गटात एकच खेळाडू जाते. 2023 साली नवी दिल्लीत झालेल्या जागतिक स्पर्धेत 81 किलोवरील गटात भारताची प्रतिनिधी होती हवासिंग यांची नात नूपुर शेवरान, आणि 2025 साली लिव्हरपूल येथे वरच्या गटाचे रौप्यपदक तिनेच आणले. म्हणजे घरची चुरसही दांडगी, आणि ती जिंकूनही ऑलिंपिक नाहीच.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि स्त्रिया यांचे प्रत्येकी सात वजनगट ठेवण्याचे ठरले आहे. ही बरोबरी स्वागतार्ह होय. परंतु गटांची संख्या सारखी होणे आणि वजनाची मोकळीक दोघांना सारखी मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यातला फरक जागतिक संघटनेपुढे मांडण्याचा अधिकार, या गटांत पदके मिळविणाऱ्या भारताइतका दुसऱ्या कोणाला असेल?

हा प्रश्न एका खेळाडूचा नाही. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावातही, धानाची रोवणी करणाऱ्या बायांच्या लेकींत, वर्गातल्या मुलांहून उंच आणि हाडापेराने मजबूत मुली असतात. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या आखणीपुढे साधन नसते. सहा मीटर लांबीरुंदीचे कडे तेथे कोणी उभारणार नाही. पण वाळूची एक पिशवी, चार जोड हातमोजे, शिरस्त्राणे आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा शिक्षक ही काही राजेशाही मागणी नव्हे. अशा मुलीच्या वाट्याला आज बहुधा टोपणनाव आणि चेष्टा येते. तिचे बळ तिला ओझे वाटू लागते. पुण्याच्या देविका घोरपडेने नोव्हेंबर 2022 मध्ये स्पेनमध्ये 52 किलोची युवा जगज्जेती होऊन दाखविले की महाराष्ट्राच्या मुलींना हा खेळ परका राहिलेला नाही. मात्र महानगर आणि तालुका यांतील अंतर पदकांनी आपोआप मिटत नाही.

दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतील खेळाडूंसाठी राखीव असलेल्या 5 टक्के जागा, एवढ्यावर क्रीडाधोरण संपले असे समजण्याची प्रवृत्ती बळावली आहे. या सवलती पदक मिळाल्यानंतरच्या आहेत. पदकाआधीची वर्षे आई-बापांच्या पगारावर आणि एखाद्या प्रशिक्षकाच्या हट्टावर निघतात. ज्या गटाला ऑलिंपिकचे वलय नाही, त्या गटातील मुलीसाठी तरी शिष्यवृत्ती, सराव आणि नोकरी यांचे निकष निराळे लावले पाहिजेत. जागतिक विजेतेपदाचे मोल ऑलिंपिकच्या यादीवरून ठरविणे, हे कारकुनी सोयीचे असेल, न्यायाचे नाही.

नागपूरच्या मुलीने आपले काम केले. कड्यात तिने कोणाकडे सवलत मागितली नाही. तिच्या वजनाला जगाच्या सर्वांत मोठ्या तराजूत पारडे नाही, हा दोष तराजूचा आहे. आणि तो दुरुस्त होईपर्यंत तिच्या पदकाचे वजन निदान तिच्या स्वतःच्या राज्याने तरी बिनचूक केले पाहिजे.