वर आगगाडी, खाली घोडागाडी!

वरच्या मजल्यावर आगगाडी, खालच्या मजल्यावर घोडागाड्या आणि त्याही खाली नदी! इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात टाइन नदीवर असा पूल १८४९ साली बांधून झाला. नाव ‘हाय लेव्हल ब्रिज’. सप्टेंबरात खुद्द व्हिक्टोरिया राणी उद्घाटनाला आली होती.

टाइनचे दोन्ही काठ चांगलेच उंच. जुना पूल मात्र खाली, पाण्यालगत. भरलेल्या गाडीचा घोडा आधी उतारावर जीव मुठीत धरून उतरायचा, मग समोरची चढण धापा टाकत चढायचा. आगगाडीला तर असली चढण झेपतच नाही. म्हणून नवा पूल थेट काठांच्या उंचीवर न्यायचं ठरलं. आगगाडीचे रूळ पाण्यापासून सुमारे ३५ मीटर वर! एवढा खर्च करायचाच आहे, तर त्यातच रस्ताही बसवू आणि टोल घेऊ, असा रेल्वेवाल्यांचा हिशेब. हुशारच म्हणायचे!

इंजिनिअर होता रॉबर्ट स्टीफन्सन. पुलाचं काम चालू असतानाच, १८४७ मध्ये, चेस्टरजवळचा त्याचा दुसरा एक पूल आगगाडीखाली मोडला आणि पाच माणसं दगावली. त्या पुलाच्या तुळया बिडाच्या होत्या. बीड दाब मजेत सोसतं, पण ताणलं की काडकन तुटतं.

आता टाइनवरची युक्ती बघा. धनुष्य आठवतंय ना? त्याची काठी वाकलेली राहते, कारण दोरी दोन्ही टोकं धरून ठेवते. इथे काठीच्या जागी बिडाची कमान आहे, तिच्यावर फक्त दाब येतो. दोरीच्या जागी घडीव लोखंडाच्या पट्ट्या आहेत, त्या ताण सोसतात. ज्याला जे जमतं, तेच काम त्याला! आगगाडीचा भार खांबांवरून कमानीवर येतो, आणि रस्ता त्याच कमानीला खालून टांगलेला आहे. एका कमानीच्या डोक्यावर एक ओझं, हाताला दुसरं.

पाया घालायला नदीच्या तळात लाकडी खुंट ठोकावे लागले. त्यासाठी आणला जेम्स नॅस्मिथचा वाफेचा हातोडा. मिनिटाला साठ-सत्तर घाव! माणसांनी दोर ओढून वजन वर न्यायचं आणि सोडायचं, या जुन्या पद्धतीत असा वेग कुठून येणार?

स्टीफन्सनचा धागा मुंबईशीही जुळतो: त्याच्या हाताखाली काम केलेला जेम्स बर्कले पुढे मुंबईला आला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, त्या रेल्वेचा मुख्य इंजिनिअर तोच.

टाइनवरचा पूल अजून कामावर आहे. वरून आगगाड्या जातात. खालच्या रस्त्यावर २००८ पासून मोटारींना बंदी आहे. बस आणि टॅक्सी जातात, त्याही एकाच दिशेने. पायी जाणाऱ्यांना मात्र दोन्हीकडून मोकळी वाट आहे, आणि टोल तर १९३७ सालीच बंद झाला.